काजळबुवांचं स्वच्छ पाणी

"खाली बसा हो, खाली बसा! मागच्यांना नुसती तुमची पाठ दिसतेय!"

कापड कारखान्याच्या रिकाम्या मालगोदामात त्या रविवारी मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. बाकं भरली, खिडक्यांचे कठडे भरले, जुन्या खोक्यांवरही माणसं चढली. मधोमध एका उंच खुर्चीवर कारखान्यात कापड बेतणारा कटिंगमास्तर बसला होता. साठीचा माणूस, डोकं पिंजलेल्या कापसासारखं. त्याच्या शेजारच्या स्टुलावर काचेच्या दोन बरण्या. दोन्ही काठोकाठ भरलेल्या, घट्ट झाकणांच्या, आणि आतलं पाणी इतकं स्वच्छ की पलीकडच्या खिडकीचे गज मोजावेत.

"बघून घ्या," स्टुलामागे उभे असलेले काजळबुवा म्हणाले. "ही वस्ती रंगाऱ्यांची. रंग म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायचं म्हणजे माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवायचं. तुम्हीच सांगा, या पाण्यात रंग आहे?"

सगळ्यांच्या माना मिस्त्रींकडे वळल्या. मिस्त्री म्हणजे रंगखात्यातला सर्वांत जुना माणूस. त्यांनी पुढे येऊन एक बरणी उजेडात धरली, तिरकी केली, डोळे बारीक केले.

"चाळीस वर्षं टाक्यांवर उभा आहे मी," ते म्हणाले. "चिमूटभर रंग टाकीभर पाण्यात असला तरी माझ्या नजरेतून सुटत नाही. हे पाणी कोरं आहे."

गोदामभर "आहाहा" झालं. बुवांनी डोळे मिटले, जणू मिस्त्रींनी नव्हे, आकाशानेच सही दिली. त्यांच्या अंगात काळा रेशमी अंगरखा होता, खांद्यावर रुळणारे काळेभोर केस होते आणि भुवया अशा काळ्या की दोन सुरवंट कपाळावर विश्रांतीला बसलेत असं वाटावं.

"केस पांढरे होत नाहीत हो," बुवा गहिवरून म्हणाले. "केस विसरतात! आपलं काळेपण विसरतात. मी त्यांना रंग लावत नाही, आठवण करून देतो. हे पहिलं पाणी, आठवणीचं. हे दुसरं, जागृतीचं."

रबरी हातमोजे घातलेल्या सेवेकऱ्याने बरणीतलं पाणी वाटीत ओतून झाकण लगेच लावलं. बुवांनी लांब दांड्याची हाडाची फणी वाटीत बुडवून कटिंगमास्तरच्या केसांतून फिरवली. बाजूच्या धुपाटण्यातून इतका धूर निघत होता की पहिल्या रांगेतले खोकत होते. मग दुसरं पाणी. पाच मिनिटांत केस पिवळसर झाले. दहा मिनिटांत तपकिरी. वीस मिनिटांनी सेवेकऱ्याने डोकं धुऊन पुसलं, तेव्हा खुर्चीतला माणूस कटिंगमास्तरचा धाकटा भाऊ वाटावा असा होता.

टाळ्या, शिट्ट्या, आणि कुणाचं तरी रडणंसुद्धा.

सर्वांत मागे, दाराच्या चौकटीला टेकून, हाताची घडी घातलेली एक बाई उभी होती. कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिचं काम एकच: रंगवलेलं कापड पांढऱ्या चिंधीने घासायचं, घामासारख्या खारट पाण्यात भिजवायचं, उन्हासारख्या प्रखर दिव्याखाली ठेवायचं, आणि रंग कुठे डाग पाडतो ते शोधायचं. म्हणून सगळे तिला डागबाई म्हणत. ती कमी बोले. तिचं लक्ष केसांकडे नव्हतं, हातमोज्यांकडे होतं. पाणी एवढं पवित्र, मग त्याला बोट लावायला बुवा का घाबरतात? आणि धुराच्या आडून नाकाला झोंबणारा तो वास अमोनियाचा आहे, हे तिने प्रयोगशाळेतल्या कपाटामुळे लगेच ओळखलं.

"बघितलंस?" शेजारी उभ्या असलेल्या तिच्या ताईने तिचा दंड घट्ट धरला. "रंग नाहीये गं. मिस्त्रींनी स्वतः सांगितलं. रंग नाहीच!"

डागबाईने चमकून ताईकडे बघितलं.

कारण ताईला काळा रंग चालत नव्हता. दोन वर्षांपूर्वी तिने दुकानातलं पाकीट आणून केसांना लावलं होतं, तर दुसऱ्या दिवशी कान पावासारखे फुगले आणि कपाळावर पाणी भरलेले फोड आले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "पुन्हा हा काळा रंग लावायचा नाही. प्रत्येक वेळी शरीर जास्त चिडतं." तेव्हापासून ताईने पांढऱ्या केसांशी तह केला होता. तो तह मोडला नव्या मॅनेजरमुळे. ताई कापड तपासणीच्या टेबलावर होती. उजेडाच्या काचेवरून कापडाचा ताका सरकवत जायचा आणि तुटका धागा, गाठ, डाग शोधून खडूने खूण करायची. महिन्यापूर्वी मॅनेजर टेबलांमधून फिरला आणि जाता जाता म्हणाला, "या टेबलावर वय फार झालंय. पुढच्या महिन्यात बघावं लागेल." एवढंच. पण त्या वाक्याने पंचवीस बायकांची झोप उडवली. वय म्हणजे काय बघणार? डोकंच बघणार. डागबाईलाही या अर्थाबद्दल शंका आली नाही. मॅनेजर लोक असेच असतात, असं म्हणून तीही ताईबरोबर चिडली होती.

आणि ताईची नोकरी म्हणजे काही नुसती ताईची नोकरी नव्हती. आईवडील गेल्यावर सोळाव्या वर्षी ती त्या टेबलाला उभी राहिली, म्हणून धाकटी रसायनशास्त्र शिकली.

"ताई, तू जाणार नाहीस," डागबाई घरी येऊन म्हणाली.

"मी कुठे म्हटलं जाते म्हणून?"

"तुझ्या तोंडावर लिहिलंय."

"तू चिंध्या घासून घासून माणसांचीही तोंडं घासायला लागलीस," ताई हसली आणि विषय संपला. म्हणजे डागबाईला वाटलं, संपला.

पुढच्याच रविवारी ताई दुपारची घरी आली ती डोक्याला टॉवेल गुंडाळून. आरशासमोर उभी राहून तिने टॉवेल सोडला. केस काळेभोर, मऊ, चमकदार. ती स्वतःकडे बघत राहिली. रागावायला आलेली डागबाई टॉवेल उचलून घडी घालू लागली. कारण आरशातली बाई खरंच दहा वर्षांनी लहान झाली होती, आणि किती दिवसांनी ती अशी हसत होती.

"रंग असता तर आतापर्यंत कान फुगले असते. फुगले का? सांग ना शास्त्रीणबाई!"

"दोन दिवस थांब."

"तुझ्या जिभेला काही हाड!"

दोन दिवसांत कान फुगले नाहीत. पण मानेवर लाल चट्टे उठले, आणि ताई ते ओढणीखाली लपवत राहिली. खाज सुटायची तेव्हा ती स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून खाजवायची. बुवांनी आधीच सांगून ठेवलं होतं, 'खाज सुटली तर समजा काळेपण मुळाशी मुरतंय.' म्हणजे शरीर ओरडून सांगत असलेली गोष्टसुद्धा त्या माणसाने आपल्या नावावर जमा करून घेतली होती. डागबाईला आठवून आठवून त्याचाच संताप येई.

तीन आठवडे गेले आणि वस्तीतल्या भांगांमधून पांढऱ्या रेघा डोकवायला लागल्या.

यात आश्चर्य काहीच नव्हतं. केसाचा डोक्याबाहेरचा भाग निर्जीव असतो. त्याला काही आठवत नाही आणि तो काही विसरतही नाही. जिवंत असतं ते मूळ, आणि ते महिन्याला साधारण अर्ध्या पेराइतका नवा केस वर ढकलतं, पांढरा तर पांढरा. जगातला कुठलाही रंग अजून न उगवलेल्या केसाला लागत नाही. म्हणूनच केस काळे ठेवायचे तर मुळांना पुन्हा पुन्हा रंग लावावा लागतो, मग तो राजा असो की रंक. पण बुवांनी या साध्या गोष्टीचं काय केलं? पुढच्या सभेत ते डोळे वटारून म्हणाले, "माझं पाणी खोटं पडत नाही! ज्याच्या मनात शंका, त्याच्या मुळाशी पांढरं! शंका केसातून उगवते!"

झालं. दुसऱ्या दिवसापासून बायका भांग पाडेनात. कुणी रुमाल बांधला, कुणी केस वर ओढून पिना खोचल्या. नळावर एकमेकींच्या डोक्यांकडे चोरून बघणं सुरू झालं. टेबलावरची कात्रीवाली, जी ताक्यांच्या कडा कापायची, तिला तिच्याच सासूने सुनावलं, "मनात पाप असणार, उगाच नाही पांढरं फुटलं." ती बिचारी दुसऱ्या बैठकीला रांगेत पहिली उभी राहिली आणि म्हणाली, "बुवा, माझ्या भुवयांनाही लावा. शंका कुठेच उरायला नको."

ताईने आरशात आपली पांढरी रेघ बघितली आणि डागबाईकडे वळली.

"ही तुझी आहे."

"काय?"

"ही शंका. मी मनापासून विश्वास ठेवला होता. घरात तू आहेस. जेवताना, झोपताना तुझं ते तोंड, मला सगळं कळतं म्हणणारं. तुझी शंका माझ्या डोक्यात उगवतेय."

"ताई, केस वाढतात गं! नखं वाढतात तसे. नखाला नेलपेंट लावलं की पंधरा दिवसांनी मुळाशी कोरं दिसतं ना? तेव्हा कुणाची शंका उगवते?"

ताईचे डोळे भरून आले. "तुझी नोकरी शाबूत आहे. तुला कोण हात लावतंय? तुला शिकवलं मीच आणि आता अक्कलही मलाच शिकव."

यावर डागबाईने कामाचा डबा उचलला. बोलायला हवं होतं. दाराला कडी लावून बसायला हवं होतं. ती कामावर निघून गेली, आणि ताई दुसऱ्या बैठकीला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने हाक मारली ती ओळखू न येणाऱ्या आवाजात. डागबाई धावत गेली तर पलंगावर एक अनोळखी चेहरा होता. कपाळ पुढे आलेलं, पापण्या सुजून दोन टम्म पिशव्या झालेल्या, मधली फट दिसेनाशी. मानेवरून पिवळसर पाणी झिरपत होतं.

"दिवा लाव ना गं," ताई म्हणाली. "उजाडलं नाही का अजून?"

खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, सगळे केस कापून काढले, टाळू धुतली आणि मग बाहेर येऊन डागबाईवर बरसल्या. "शिकलेल्या ना तुम्ही? घरात प्रयोगशाळेतलं माणूस असून हे? घसा आणखी सुजला असता तर श्वास थांबला असता. आणि ही एकटी नाही. कालपासूनची सहावी. त्या कात्रीच्या कामावरच्या मुलीने भुवयांना लावून घेतलंय, डोळ्यात उतरलंय. तिच्या एका बुबुळाला जखम झालीय. दिसेल की नाही, सांगता येत नाही."

तेवढ्यात बुवांचा सेवेकरी निरोप घेऊन वॉर्डात शिरला. त्याच्याही बोटांची टोकं काळी आणि भेगाळलेली होती.

"बुवांनी सांगितलंय, घाबरू नका. आतलं विष बाहेर पडतंय. तिसरी बैठक लवकर घ्या. आणि," तो डागबाईकडे बघून घुटमळला, "घरातल्या शंकेखोर माणसाला दूर ठेवा."

आयुष्यात कधी आवाज न चढवलेली डागबाई त्याच्यासमोर उभी राहिली. तिने त्याचा हात धरला, बोटं उजेडात फिरवून बघितली आणि विचारलं, "मोजे फाटके आहेत का रे तुझे?"

त्याने हात ओढून घेतला आणि पळाला.

ती दवाखान्यातून निघाली ती तडक मिस्त्रींच्या घरी. मिस्त्री ओसरीत बसले होते. वॉर्डातली बातमी त्यांच्या कानावर आली होती, पण मान ताठ होती.

"पाणी कोरं होतं, पोरी. मी आंधळा नाही."

"कोरंच होतं, काका. तुमची नजर चुकली नाही, समजूत चुकली. आपल्या टाक्यांत रंग आधी दिसतो आणि मग कापडाला लागतो, म्हणून तुम्ही धरून चाललात की दिसत नाही तो रंग नाही. पण काही रंगांचे घटक सुटे असताना जवळजवळ बिनरंगी असतात. केसात शिरल्यावर, दुसऱ्या औषधातला प्राणवायू मिळाला की तिथल्या तिथे काळे होतात. दुकानातल्या पाकिटातही दोन वेगळ्या बाटल्या असतात त्या याचसाठी. याने फक्त पाकीट फेकून दिलं आणि बरण्या मांडल्या. बरणी काठोकाठ का भरतो? हवा लागली की पाणी लाल-तपकिरी पडायला लागतं. धूर कशाला? अमोनियाचा वास दाबायला. आणि पाकिटावर निदान लिहिलेलं तरी असतं, आधी कोपराच्या आत थेंबभर लावून दोन दिवस वाट बघा म्हणून. याने तेही पुसलं."

"पुस्तकी बोलणं," मिस्त्री पुटपुटले.

"मग तपासू या. तुमच्याच हातांनी."

आतून मिस्त्रीकाकू बाहेर आल्या. जुन्या आजारात त्यांचे केस गेले होते आणि तेव्हापासून डोक्याला घट्ट रुमाल असे. "बास झालं तुमचं चाळीस वर्षांचं कौतुक," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पोरगी तपास म्हणतेय तर तपासा. सांग गं, काय करायचं?"

डागबाईने पिशवीतून प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या लोकरीचा लांब जुडगा काढला. कापडाचा रंग कशावर डाग पाडतो ते बघायला ती असली लोकर रोज वापरत असे. "लोकर म्हणजे मेंढीचा केसच. माणसाच्या केसाला जो रंग चढतो, तो हिला चढतो."

मिस्त्री जुडग्याकडे बघत राहिले. मग उठले, स्वतः साबणाच्या पाण्यात लोकर धुतली, वाळवली, निरखली. "कोरी आहे," ते म्हणाले. आवाजात ताठा नव्हता. "काळी झाली, तर मी भर सभेत तोंड उघडेन."

काकूंनी लोकरीची वेणी घातली आणि रुमालाच्या आत अशी खोचली की पाठीवर पांढरीशुभ्र, कमरेपर्यंत रुळली. "लग्नातसुद्धा एवढी लांब नव्हती हो," त्या आरशात वळून म्हणाल्या.

रविवारी गोदाम पुन्हा भरलं, पण आवाज दबका होता. सहा घरांची माणसं दवाखान्यात होती. नवा मॅनेजरही हा काय प्रकार ते बघायला येऊन मागे उभा होता. बुवा मात्र रंगात होते. "सहा जणांची परीक्षा झाली! सोनं आगीतूनच जातं!"

"मला बसवा आधी," काकू पुढे झाल्या. "पण डोक्यावरचा रुमाल काढायचा नाही. सर्दीने डोकं फुटतंय. वेणीच करा आज, बाकी पुढच्या खेपेला."

बुवांनी वेणीकडे बघितलं. एवढी लांब, एवढी पांढरी वेणी. गर्दीला दाखवायला याहून चांगलं काय? "बसा माउली. शेंड्याकडून मुळाकडे जाऊ."

पहिलं पाणी. धूर. फणी. दुसरं पाणी. त्यांनी वेणीला एकदाही बोट लावलं नाही, म्हणूनच फसले. पिवळी, तपकिरी, आणि मग काळी कुळकुळीत.

"बघा!" बुवा गर्जले. "असा भक्तिभाव बघितलाय कुठे? इतक्या बैठका झाल्या, एवढा निर्मळ केस मी पाहिला नाही! एका केसात तरी शंका आहे का, शोधून दाखवा!"

"नाही ना?" काकू म्हणाल्या.

"तीळभर नाही!"

"मग हिचाच सत्कार करा," असं म्हणून काकू उठल्या. वेणी खुर्चीच्या पाठीवर तशीच राहिली. "ही मेंढी आहे, बुवा. फार भाविक होती बिचारी."

मग मागून एका बाईला हसू फुटलं आणि ते सगळ्या गोदामात पसरलं. पण ते हसू फार टिकलं नाही. मिस्त्री पुढे आले होते, त्यांनी ती ओली वेणी दोन्ही हातांत उचलून धरली होती.

"ही लोकर मी धुतली," ते म्हणाले. "माझ्या हातांनी. हिच्यात ना श्रद्धा आहे, ना शंका. पाणी कोरं दिसलं म्हणून मी कोरं म्हणालो. जे मला माहीत नव्हतं, ते नाही असं सांगून टाकलं. निम्मी रांग माझ्या शब्दावर लागली. दवाखान्यातली सहा माणसं माझ्या..." त्यांनी वेणी पुढच्या रांगेसमोर धरली.

"ही लबाडी आहे!" बुवा ओरडले. "प्राण्यालाही जीव असतो! मेंढीचीही आठवण..."

"मग बशीची आठवण बघू," डागबाई म्हणाली.

तिने स्टुलावरच्या दोन्ही बरण्यांतलं थोडं थोडं पाणी एका पांढऱ्या बशीत ओतलं आणि बशी पहिल्या रांगेतून फिरवली. बशी तिसऱ्या माणसाच्या हातात जाईपर्यंत पाणी चहासारखं झालं होतं, दहाव्याच्या हातात गेली तेव्हा शाईसारखं. मग तिने मिस्त्रींना सांगितलं होतं तेच सगळ्यांना सांगितलं, तितक्याच साध्या शब्दांत. सांगून झाल्यावर ती बुवांकडे वळली, आणि आता तिचा आवाज चढला.

"केस काळे करणं पाप नाही. हजारो लोक करतात, हौसेने करतात, आणि तुम्ही उघड रंग म्हणून विकला असतात तर मी आडवी आले नसते. माझ्या बहिणीला रंग चालत नाही हे तिला माहीत होतं. 'हा रंग नाही' या तुमच्या तीन शब्दांनी तिचं हे ज्ञान काढून घेतलं. खाज सुटली तर मुरतंय म्हणालात. मुळं पांढरी आली तर तिलाच खोटी ठरवलंत. डोळे मिटले तर विष निघतंय म्हणालात. काय झालं असतं म्हणजे तुम्ही कबूल केलं असतंत की चुकलं? सांगा ना! असं काही आहे का? नसेल, तर तुम्ही कशाचीच खात्री देत नाही, फक्त दुसऱ्याच्या जिवावर उदार होता!"

बुवा दाराकडे सरकले. दारात डॉक्टरीणबाई उभ्या होत्या, आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्याला घेऊन. बरण्या मोहोरबंद झाल्या. अंगरख्याच्या खिशातून मलमाची एक डबी निघाली. बुवांच्या स्वतःच्या कानामागेही चट्टे होते.

"आणि तुम्ही," डागबाई मॅनेजरकडे वळली. "याच्याकडे गिऱ्हाईक तुम्ही पाठवलंत. डोकी बघून माणसं कमी करणार होतात ना?"

मॅनेजर गोंधळला. "डोकी? केसांशी मला काय करायचंय? तपासणीच्या टेबलावर बारीक दोष सुटायला लागलेत, म्हणून पुढच्या महिन्यात सगळ्यांचे डोळे तपासायचेत. चष्मा लागला तर चष्मा. चष्म्यानेही दिसत नसेल तर दुसरं काम बघायचं. वय झालं की नजर जाते, एवढंच म्हणालो होतो मी."

"एवढंच म्हणाला नव्हतात! नजर हा शब्द तुमच्या तोंडून आज निघतोय."

"कुणी विचारलंच नाही."

खरंच कुणी विचारलं नव्हतं. पंचवीस बायकांनी नाही, आणि रोज प्रत्येक ताक्याला 'सिद्ध कर' म्हणणाऱ्या डागबाईनेही नाही. ऑफिसची खिडकी तिच्या प्रयोगशाळेपासून चाळीस पावलांवर होती. ज्या डोळ्यांवर नोकरी ठरणार होती, तेच डोळे त्या बायकांनी नोकरी वाचवायला पणाला लावले होते.

"विचारलं नाही, ही आमची चूक," ती शेवटी म्हणाली. "पण एक कागद भिंतीवर लावायला तुम्हाला काय लागलं असतं? तुमच्या गप्प राहण्यातच या बुवाने दुकान थाटलं."

कागद दुसऱ्या दिवशी लागला.

डोळ्यांची तपासणी झाली त्या सकाळी ताईच्या डोक्यावर बोटभर पांढरे केस होते आणि कपाळावरची साल अजून निघत होती. डॉक्टरीणबाईंनी तिचे डोळे वाचवले होते, थोडक्यात. बाहेरच्या बाकावर कात्रीवाली बसली होती, एका डोळ्यावर पट्टी. तिचा नंबर येऊन गेला होता. आतून तिच्यासाठी पाकिटं भरायच्या कामाची चिठ्ठी मिळाली होती आणि ती ती चिठ्ठी एका डोळ्याने पुन्हा पुन्हा वाचत होती. ताई तिच्याशेजारी टेकली. काय बोलणार? ही जखम साबणाने धुऊन जाणारी नव्हती, आणि ती तिला भोळेपणाची शिक्षा म्हणून मिळाली असं म्हणणाऱ्याच्या तोंडाला कुलूप घालावं. ती फसली नव्हती, तिला फसवलं गेलं होतं.

म्हणून, वाचणाऱ्यांनो, केस काळे करायचे तर खुशाल करा. पण डबीत काय आहे ते विचारा. कोपराच्या आत थेंब लावा आणि दोन दिवस थांबा. एकदा त्रास झाला असेल तर पुन्हा लावू नका, मग समोरचा त्याला रंग म्हणो, पाणी म्हणो की अमृत. आणि जो तुमच्या वेदनेलाही आपलाच पुरावा म्हणतो, त्याच्या दारातून चपला न घालता पळा. विचारायला लाज वाटली तर डागबाईची आठवण ठेवा. तिलाही तेव्हा विचारायचं सुचलं नव्हतं.

आत ताई तपासणीच्या खुर्चीवर बसली. एक डोळा झाकून तिने भिंतीवरचा तक्ता वरून खाली वाचायला सुरुवात केली. अक्षरं बारीक होत गेली, ती थांबली नाही. शेवटची ओळ संपली.

"झालं," तपासणारे म्हणाले.

"झालं कसं?" ताई पुढे झुकली. "खाली उजव्या कोपऱ्यात छपाईचा एक ठिपका जास्तीचा पडलाय. खडू आहे का?"